दहावीतल्या पोराबरोबर दिवसभराचा ट्रेक: बेळगावकरांसाठी

चौदा-पंधरा वर्षांची पोरं सुरुवातीला हरणासारखी पळतात आणि अकरा वाजता मटकन बसतात. आपलं उलटं असतं: चढ निभतो, पण उतारावर गुडघे बोलायला लागतात. दिवसभराचा ट्रेक आखताना हे दोन्ही धरून चाला.

सराव राजहंसगडावर करा. गाडी वरपर्यंत जाते, तरी येळ्ळूरपासून चालतच चढा. मोठ्या ट्रेकला सॅकेत जेवढं वजन असणार तेवढं याही वेळी घ्या. बूट कुठे लागतो ते इथेच कळतं. नवे कोरे बूट थेट ट्रेकला घालू नका.

त्यापुढे वैजनाथ-महिपाळगड. शिनोळीवरून देवरवाडी गाठायची, वैजनाथाचं दर्शन घ्यायचं आणि डोंगर चढून गडावर जायचं. तालुका चंदगड, जिल्हा कोल्हापूर. पण बेळगावकरांना तो डोंगर घरचाच.

पायांना सवय झाली की खानापूरकडचा मोठा दिवस धरा. तिथलं बरंच जंगल भीमगड अभयारण्यात येतं. वनखात्याच्या परवानगीशिवाय आत शिरू नका, आणि परवानगी मिळाली तरी गावातला वाटाड्या घ्या. ढोरवाटा इतक्या असतात की चुकायला वेळ लागत नाही, शिवाय अस्वलं आणि गव्यांचं ते घर आहे. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीचा पाऊस, निसरडे दगड आणि जळवा. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस चांगले.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि ते घरी बसून करायचं. नकाशा पोराच्या हातात द्या आणि वेळेचा हिशेब त्यालाच मांडू द्या. जुना ठोकताळा असा: तासाला ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त. म्हणजे १२ किलोमीटर अंतर आणि ६०० मीटर चढ असेल तर जवळपास साडेतीन तास होतात. हा न थांबता, चांगल्या वाटेवर चालणाऱ्याचा हिशेब झाला. आपल्या रानवाटांवर, जेवणखाण धरून, मी त्याच्या दुप्पट वेळ ठेवते. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, तेव्हा परत फिरायची वेळ आदल्या रात्रीच ठरवून कागदावर लिहा. शिखर समोर दिसत असलं तरी त्या वेळेला मागे वळायचं. आकडा पोरानेच काढलेला असला की वर गेल्यावर हुज्जत होत नाही.

माणशी तीन लिटर पाणी घ्या. चपाती, शेंगदाण्याची चटणी, गूळ, केळी, चिक्की पुरेत. भूक लागायची वाट न बघता तासाला थोडं थोडं खायला द्या. दोघांकडे वेगळी बॅटरी आणि शिट्टी हवी. जंगलात मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून वाट आणि परतायची वेळ घरी सांगून ठेवा. रेंज असेल तिथे मदतीसाठी ११२.

वाटेवर पोराला पुढे ठेवा, पण हाकेच्या अंतरात. फाटा आला की त्याने थांबायचं आणि दोघांनी मिळून वाट ठरवायची. शाळेचा, मार्कांचा विषय तुम्ही काढू नका. तासाभराने पोर आपणहून बोलायला लागतं, तेव्हा फक्त ऐका. कड्याला आग्यामोहोळ दिसलं तर आवाज न करता लांबून निघा. अत्तर, बॉडी स्प्रे त्या दिवशी नकोच. चक्कर, डोकेदुखी, मळमळ सुरू झाली की लगेच सावलीत बसवा, पाणी पाजा, अंग ओलं करा. बरं वाटलं तरी पुढे चढू नका, परत फिरा.

उतरताना घसाऱ्यावर पाऊल आडवं टाका, गुडघे किंचित वाकवून. काठी असेल तर ती मोठ्यांनी वापरावी; गरज आपल्याला जास्त असते. खाली आल्यावर दोघांनी मोजे काढून घोटे, गुडघ्यांमागची जागा आणि कंबर तपासा, गोचीड चिकटलेली असते. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येणारच, म्हणून ट्रेक जोडसुट्टीच्या पहिल्या दिवशी ठेवा.