२४० व्होल्ट दिसले म्हणून न्यूट्रल असेलच असं नाही

स्टार, डेल्टा, लाइन व्होल्टेज, फेज व्होल्टेज हे तुम्हाला येतं असं धरून लिहितोय. मेंटेनन्समध्ये नवीन असाल तर खरी पंचाईत वेगळीच होते. ट्रान्सफॉर्मर वेगळ्याच जोडणीचा निघतो आणि मीटर मात्र ओळखीचेच आकडे दाखवत राहतो.

समजा तिन्ही फेजमध्ये एकमेकांत ४१५ आहेत आणि प्रत्येक फेज ते अर्थ २४०. कोणीही डोळे झाकून म्हणेल, स्टार सेकंडरी, न्यूट्रल अर्थ केलेला. पण अर्थशी कुठेही न जोडलेली डेल्टा सेकंडरीसुद्धा हेच आकडे देते! न्यूट्रल तिथे मुळात नसतोच. माझे सगळ्यात जास्त तास याच कोड्यात गेले, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

केबलच्या प्रत्येक फेजमध्ये आणि जमिनीमध्ये थोडं कपॅसिटन्स असतं. तिन्हीकडे ते जवळपास सारखं असलं की जमीन आपोआप तिघांच्या मध्यावर येऊन बसते. ४१५ भागिले १.७३२, म्हणजे २४०. साध्या डिजिटल मल्टीमीटरचा इनपुट रेझिस्टन्स साधारण १० मेगाओहम. तो करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे त्या लटकत्या व्होल्टेजला धक्का लागत नाही आणि तो छातीठोकपणे २४० दाखवतो. मग कोणीतरी कॉन्टॅक्टरची (कॉइलवर ओढला जाणारा मोठा स्विच) २४० ची कॉइल फेज आणि अर्थमध्ये जोडतो. सिस्टीम छोटी असेल तर त्या फेजचं अर्थशी व्होल्टेज खाली बसतं, बाकीचे दोन अर्थच्या तुलनेत ४१५ कडे चढतात, आणि कॉइल नुसती गुणगुणते. सिस्टीम मोठी असेल तर कॉइल ओढूनही घेईल. ते जास्त वाईट, कारण जोडणी चुकल्याचं कोणाला कळतच नाही आणि अर्थच्या वायरमधून करंट वाहत राहतो.

अशा सिस्टीमवर एखादा फेज खरोखर अर्थला टेकला तरी फ्यूज उडत नाही. त्या फेजवर अर्थशी शून्य, उरलेल्या दोघांवर ४१५, आणि मशीन निवांत चालू. दुसरा फेज दुसरीकडे कुठे टेकला की मात्र सरळ फेज-टू-फेज शॉर्ट. म्हणून मशीन चालतंय म्हणजे ठीक आहे, हे वाक्य इथे विसरा.

ओळखायचं कसं? आधी नेमप्लेट वाचा. डीवायएन ११ (Dyn11) मध्ये पहिलं अक्षर हाय व्होल्टेज बाजूचं, दुसरं लो व्होल्टेजचं, डी म्हणजे डेल्टा, वाय म्हणजे स्टार, एन म्हणजे न्यूट्रल बाहेर काढलेला, आणि ११ म्हणजे लो व्होल्टेज बाजू ३० अंश पुढे. डीडी ० असेल तर न्यूट्रल शोधत बसू नका. आणि बाहेर काढलेला म्हणजे अर्थ केलेला नव्हे! सप्लाय बंद, लॉक, डेड असल्याची खात्री, मग न्यूट्रलच्या बुशिंगपासून अर्थ बारपर्यंत पट्टी डोळ्यांनी शोधा आणि कंटिन्युइटी घ्या. चालू सप्लायवर मोजायचंच असेल तर लो-इम्पीडन्स मोड (मीटर स्वतः थोडा करंट ओढतो) असलेला, योग्य कॅट रेटिंगचा (मीटरवर छापलेली सुरक्षेची श्रेणी) मीटर वापरा. आकडा कोसळला तर तो पोकळ होता. मोठ्या केबल नेटवर्कवर मात्र तो न कोसळताही टिकू शकतो, म्हणून नेमप्लेट आधी.

बाकीचे प्रकार तेवढे छळत नाहीत. डेल्टाचा एक कोपरा अर्थ केलेला असेल तर एका फेजवर अर्थशी शून्य दिसतं आणि लोक फेज गेला म्हणून ओरडतात. फेज-टू-फेज तिन्ही सारखे असतील तर काहीही गेलेलं नाही. उत्तर अमेरिकेत २४० ची अशी डेल्टा सापडते, जिच्या एका वाइंडिंगचा मधला टॅप न्यूट्रल असतो. तिथे न्यूट्रलशी १२०, १२० आणि २०८ मिळतात. २०८ वाला फेज बिघडलेला नाही, फक्त त्यावर १२० ची वस्तू लावू नका. ११० च्या कंट्रोल ट्रान्सफॉर्मरवर दोन्ही टोकांना अर्थशी ५५ आले, तर मधला टॅप खरोखर अर्थ केलेला असेल किंवा सेकंडरी लटकतीही असेल. पुन्हा तोच लो-इम्पीडन्स मीटर.

उलट बाजूचा धोका तुटलेल्या न्यूट्रलचा. एका फेजवर १००० वॉटचा हीटर, दुसऱ्यावर १०० वॉटचा दिवा. न्यूट्रल तुटला की दोघे ४१५ वर सिरीजमध्ये. दिव्यावर सुमारे ३७७ व्होल्ट, हीटरवर ३८. काही दिवे झगझगीत, काही मंद, लोड बदलला की खेळ बदलतो. असं दिसलं की विचार नंतर, मेन आधी बंद.

निऑन टेस्टरवर निदान करणाऱ्यांचं मला कौतुक नाही. ‘न्यूट्रल नाही ना, मग अर्थवरून घे’ असं सांगणारा सिनियर कितीही मुरलेला असो, त्याच्या हाताखाली हे काम शिकू नका. पॅनेल उघडण्याआधी कागदावर वाइंडिंग काढणारा माणूस मिळाला तर त्याचा पिच्छा सोडू नका, तो चिडका असला तरी.

सुरुवातीला सगळं डोक्यावरून जाईल, घाबरू नका. तिन्ही फेज-टू-फेज आणि तिन्ही फेज-टू-अर्थ, असे सहा आकडे वहीत लिहा. शेजारी कोणत्या मीटरने घेतले तेही लिहा. मेगर (इन्सुलेशन तपासायचं जास्त व्होल्टेजचं यंत्र) मारण्याआधी न्यूट्रलची अर्थ लिंक आणि इलेक्ट्रॉनिक कार्ड सोडवा, नाहीतर पहिल्यामुळे रीडिंग शून्य येईल आणि दुसरं जळून जाईल.