जाळीतून औषध एकदम सुटत होतं, त्यावर केलेला उपाय

पॉलिकॅप्रोलॅक्टोन या पॉलिमरच्या नॅनोतंतूंत टेट्रासायक्लिन हायड्रोक्लोराइड हे पिवळं प्रतिजैविक घालून जखमेवर लावायची जाळी इलेक्ट्रोस्पिनिंगनं (उच्च व्होल्टेज लावून सुईतल्या द्रावणाचे बारीक तंतू ओढायची पद्धत) बनवत होतो. तंतू सुरेख यायचे, पण फॉस्फेट बफरमध्ये (शरीरातल्या द्रवासारख्या चाचणीच्या द्रावणात) टाकले की काही तासांतच बफर पिवळा आणि जाळी पांढरी!

सूक्ष्मदर्शकाखाली कारण दिसलं. औषधाचे स्फटिक तंतूंच्या पृष्ठभागावरच बसले होते. हे औषध क्षाररूपात असल्यानं पाण्यात विरघळतं, पण पॉलिमर ज्यात विरघळवतो त्या क्लोरोफॉर्मशी त्याचं जमत नाही. हा द्रावक उडताना औषध बाहेर ढकललं जातं.

मिथेनॉल मिसळल्यावर स्फटिक कमी झाले, पण औषध सुटायचा वेग फारसा बदलला नाही. मग समाक्ष सुई (एकात एक बसवलेल्या दोन नळ्यांची) लावली: आत पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या पाण्यातल्या द्रावणात औषध, बाहेर पॉलिकॅप्रोलॅक्टोनचं कवच. खरी मेख ही दोन द्रावणं ढकलणाऱ्या पंपांच्या वेगात आहे. आतला प्रवाह बाहेरच्यापेक्षा बराच कमी हवा, नाहीतर कवच फुटतं. सुईच्या टोकाशी द्रावणाचा शंकू स्थिर होईपर्यंत व्होल्टेज हळूहळू वाढवायचं. (हात दूर ठेवा, १५-२० किलोव्होल्ट असतात!) पावसाळ्यात दमट हवेनं तंतूंना छिद्रं पडतात, म्हणून यंत्राच्या पेटीत ओलावा शोषणारं सिलिका जेल.

सुरुवातीचा तो लोंढा आता बराच ओसरलाय. उरलेलं क्लोरोफॉर्म मात्र निर्वात ओव्हनमध्ये काढूनच पेशींवर चाचणी घ्या, आणि तापमान कमीच ठेवा. हे पॉलिमर ६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं.