फुटबॉल क्लबचे सेवाकार्य कसे उभारावे : बडोद्यातील क्लबांसाठी मार्गदर्शन

ग्लासगो शहराच्या पूर्व भागात राहणाऱ्या गरीब आयरिश स्थलांतरितांच्या मुलांना निदान पोटभर जेवण मिळावे, त्यासाठी पैसा उभा राहावा, या हेतूने ब्रदर वॉलफ्रिड या धर्मसेवकाने १८८७ मध्ये सेल्टिक क्लबची स्थापना केली. क्लब आधी निघाला आणि दानधर्म मागाहून आला, असे तेथे झाले नाही. पुढे १९८६ मध्ये इंग्लंडच्या वायव्य भागातील काही क्लबांनी खेळाडूंच्या संघटनेच्या साहाय्याने आसपासच्या वस्त्यांत नियमित काम सुरू केले, आणि आज तेथील जवळजवळ प्रत्येक व्यावसायिक क्लबची स्वतंत्र धर्मादाय संस्था आहे. लिव्हरपूलमधील एव्हर्टन क्लबची अशी संस्था १९८८ पासून चालू आहे. आपल्याकडे नागपुरात विजय बारसे यांनी सुरू केलेल्या ‘स्लम सॉकर’ने झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉलचा असाच उपयोग करून दाखवला.

बडोद्यातील क्लब यांच्या तुलनेने लहान आहेत. बहुतेकांजवळ उसने किंवा भाड्याचे मैदान, दोन-तीन प्रशिक्षक आणि सुटीच्या दिवशी हौसेने येणारे जुने खेळाडू एवढेच भांडवल असते. तरीही एका वस्तीतील तीस-चाळीस मुलामुलींसाठी वर्षभर काम चालवायला एवढे पुरते, असे माझे ठाम मत आहे. मात्र त्यासाठी एक पथ्य कसोशीने पाळावे लागते : सेवेचे काम हे क्लबसाठी खेळाडू हेरण्याचे साधन होऊ द्यायचे नाही. ज्या दिवशी प्रशिक्षक चांगल्या खेळणाऱ्या मुलांकडे जास्त आणि बाकीच्यांकडे कमी लक्ष देऊ लागतो, त्या दिवसापासून ज्यांच्यासाठी काम काढले तीच मुले गळू लागतात. पुढील बहुतेक सूचना या पथ्यातूनच निघालेल्या आहेत.

वस्ती निवडताना

वस्ती मैदानापासून इतकी जवळ असावी की आठ वर्षांचे मूल मोठ्या भावंडाबरोबर चालत येऊ शकेल. ज्या मुलांना रिक्षाचे भाडे द्यावे लागते किंवा हमरस्ता ओलांडावा लागतो, ती पहिल्या महिन्यानंतर दिसत नाहीत. वस्ती ठरल्यावर लगेच चेंडू घेऊन जाऊ नये. प्रथम अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती, जवळच्या महानगरपालिकेच्या शाळेचे मुख्याध्यापक आणि वस्तीत ज्यांच्या शब्दाला मान आहे अशी दोन-तीन वडीलधारी माणसे यांच्याकडे जाऊन बसावे. मुले कोणत्या वेळी मोकळी असतात, कोणाला घरी धाकट्यांना सांभाळावे लागते, पाणी कोणत्या वेळी येते, मुलींना कोठवर जाऊ देतात, हे त्यांच्याकडूनच कळते. पाणी येण्याची वेळ हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या घरी नळ सहा वाजता येतो, त्या घरची मुलगी सहाच्या सरावाला कधीच येणार नाही.

महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजकार्याची स्वतंत्र विद्याशाखा असून तेथील विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य करावे लागते. घरोघरी जाऊन माहिती घेण्याच्या कामात त्यांची मदत मागावी. प्रश्न कसे विचारावेत याचे शिक्षण त्यांना मिळालेले असते. वस्तीत आखाडा किंवा तालीम असल्यास तिच्या चालकांनाही विश्वासात घ्यावे. जुम्मादादांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव यांनी गुरूच्या नावाने नावारूपाला आणलेल्या व्यायाममंदिराच्या या शहरात तालमीचा शब्द अजून ऐकला जातो.

मैदानासाठी नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळांचे पटांगण हा उत्तम पर्याय आहे. परवानगी तोंडी न ठेवता लेखी घ्यावी आणि तीत वार, वेळ, स्वच्छतागृहाची किल्ली कोणाकडे राहील व नुकसान झाल्यास भरपाई कोण करील, हे स्पष्ट लिहून घ्यावे.

नोंदणी आणि वेगळे खाते

क्लबच्याच खात्यातून सेवाकार्य चालवणे सोपे वाटते, पण ते टाळावे. संघाच्या प्रवासखर्चाला पैसे कमी पडले की मुलांच्या खाऊचे पैसे तिकडे वळतात, आणि यात कोणाची नियत वाईट असावी लागते असेही नाही. म्हणून स्वतंत्र सार्वजनिक ट्रस्ट करावा. गुजरातमध्ये तो १९५० च्या सार्वजनिक ट्रस्ट कायद्याखाली नोंदवावा लागतो. ट्रस्ट स्थापन झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे अर्ज करावा, आणि पुढे विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत बदल अहवाल द्यावा. हा बदल अहवाल बहुतेक लहान संस्था विसरतात आणि मग बँकेत सह्या बदलताना अडून बसतात. विश्वस्तांत क्लबचे पदाधिकारी निम्म्याहून कमी असावेत. उरलेल्यांत एक शिक्षिका, एक डॉक्टर, एक हिशेब जाणणारी व्यक्ती आणि वस्तीतील किमान एक पालक असावा.

त्यानंतर करसवलतीसाठी आयकर विभागाकडे नोंदणी करावी, जिला सर्वजण ‘बारा ए’ आणि ‘ऐंशी जी’ या जुन्या कलमांच्या नावांनीच ओळखतात. देणगीदाराला करसवलत हवी असेल तर रोख देणगी २,००० रुपयांपेक्षा अधिक असता कामा नये, हे पावती फाडणाऱ्या स्वयंसेवकाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.

मुलांची सुरक्षितता

ही व्यवस्था पहिले सत्र होण्याआधी पुरी झाली पाहिजे. प्रत्येक प्रशिक्षकाची आणि स्वयंसेवकाची पोलीस पडताळणी करून घ्यावी, मग तो कितीही ओळखीचा असो. मैदानावर नेहमी दोन प्रौढ असावेत, आणि कोणत्याही प्रौढाने मुलाबरोबर बंद खोलीत किंवा वाहनात एकटे राहू नये. मुलांच्या छायाचित्रांसोबत नाव, शाळा किंवा वस्ती प्रसिद्ध करू नये. पालकांचे संमतिपत्र गुजरातीत व हिंदीत छापावे आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना ते वाचून दाखवावे. आपल्या मराठी मंडळींनी चालवलेल्या संस्थेत कागदपत्रे मराठीत किंवा इंग्रजीत निघतात आणि पालक न वाचता अंगठा उठवतात, हे योग्य नाही.

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार असा अपराध घडल्याचे कळूनही न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. क्लबची बदनामी होईल म्हणून प्रकरण ‘आपसात मिटवणे’ हा पर्याय कायद्याने उरलेलाच नाही. तक्रार कोणाकडे करायची त्या व्यक्तीचे नाव आणि १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक मैदानाच्या फाटकावर मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावावा. प्रथमोपचाराची पेटी, १०८ ला फोन करण्याची जबाबदारी कोणाची आणि जवळचे रुग्णालय कोणते, हेही तेथेच लिहावे.

मैदानावर काय करावे

आठवड्यातून दोन सत्रे पुरेत, पण ती ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी झालीच पाहिजेत. वर्षातून एकदा मंडप घालून शंभर मुलांना जर्सी वाटण्यापेक्षा दर मंगळवारी आणि शुक्रवारी एक प्रशिक्षक वेळेवर उभा असणे हे कितीतरी मोलाचे आहे. मुले आपल्याला पारखतात ती यावरूनच. एप्रिल-मे महिन्यांत बडोद्याचा पारा चाळिशीच्या वर जातो. त्या काळात सत्र सकाळी साडेसहाला घ्यावे. नवरात्रात मैदाने गरब्याला जातात आणि मुले रात्री उशिरा झोपतात, उत्तरायणाच्या आसपास सगळे पतंगात असतात. अशा आठवड्यांची सुटी वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर करावी, म्हणजे काम बंद पडले असा समज होत नाही.

सव्वा तासाचे एक सत्र पुढीलप्रमाणे आखता येते. प्रथम हजेरी, नाव घेऊन, चेहऱ्याकडे पाहून. मग दहा मिनिटे पकडापकडीसारखा खेळ, ज्यात सर्वांचे अंग मोकळे होते. पुढची वीस मिनिटे प्रत्येकाच्या पायाशी चेंडू असावा. मुले रांगेत उभी राहून पाळीची वाट पाहत असतील, तर तो सराव चुकीचा आखला आहे असे समजावे. त्यानंतर अर्धा तास चार विरुद्ध चार असे लहान सामने, दर सहा-सात मिनिटांनी गट बदलून. आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना तीन क्रमांकाचा आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना चार क्रमांकाचा चेंडू द्यावा. पाच क्रमांकाचा चेंडू त्यांच्या पायांना जड पडतो. बुटांची सक्ती करू नये. अनवाणी मुले असतील तर आधी सर्वांनी मिळून मैदानातील खडे आणि काचा वेचाव्यात, आणि बूट द्यायचेच झाले तर सर्वांना एकदमच द्यावेत.

शेवटची दहा मिनिटे सर्वांत महत्त्वाची. मुलांना गोल बसवावे, प्रत्येकाला मूठभर सिंग-चणे आणि एक केळे द्यावे, आणि आठवडा कसा गेला ते विचारावे. कोण शाळेत गेले नाही, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाला कामाला लावले आहे, हे या वेळी समोर येते. प्रशिक्षकाने त्यावर प्रवचन करू नये. सत्र संपल्यावर शांतपणे टिपून ठेवावे आणि त्याच आठवड्यात घरी किंवा शाळेत जाऊन यावे. हजेरीपटात ‘हजर’ आणि ‘गैरहजर’ यांच्याशेजारी ‘कारण कळले का’ असा एक रकाना आखावा. सलग तीन वेळा तो रकाना रिकामा राहिलेले मूल हे त्या आठवड्याचे पहिले काम.

मुलींसाठी वेगळा विचार करावा लागतो. मिश्र सत्रांत दहा-अकरा वर्षांनंतर मुली कडेला उभ्या राहू लागतात, म्हणून त्यांचे निदान एक सत्र स्वतंत्र ठेवावे, ते स्त्री प्रशिक्षकाने घ्यावे आणि दिवस मावळण्याआधी संपवावे. स्वच्छतागृहाचे दार आतून लागते का, हे संस्थेतील एखाद्या बाईंनी प्रत्यक्ष जाऊन पाहावे. आयांना महिन्यातून एकदा मैदानावर बोलवावे. एकदा त्यांनी मुलीला खेळताना पाहिले की घरातील बाकीच्यांची समजूत त्याच घालतात.

पैसा कोठून आणावा

पहिले वर्ष क्लबच्या सभासदांच्या दरमहा ठरावीक वर्गणीवर चालवावे. मोठ्या देणगीपेक्षा बँकेतून आपोआप जाणारी लहान वर्गणी भरवशाची असते. सहा महिन्यांचा खर्च खात्यात शिल्लक असल्याखेरीज काम वाढवू नये. नवरात्रातील गरब्याच्या आयोजनातून सामाजिक संस्थांसाठी निधी उभा करण्याची रीत युनायटेड वे ऑफ बरोडाने या शहरात रुजवली आहे. त्याच धर्तीवर लहानशी जुन्या खेळाडूंची स्पर्धा भरवून प्रवेशशुल्क ट्रस्टला देता येते.

मकरपुरा आणि नंदेसरी येथील कारखान्यांकडे जाण्याची घाई करू नये. कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते आणि त्यांत खेळांच्या प्रशिक्षणाचाही समावेश आहे. परंतु ही रक्कम घेणाऱ्या बाहेरच्या संस्थेजवळ किमान तीन वर्षांच्या कामाची नोंद असावी लागते. तेव्हा पहिल्या दिवसापासूनचे हजेरीपट, पावत्या आणि लेखापरीक्षण जपून ठेवावे.

बडोद्यातील अनेक घरांतील माणसे अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये आहेत आणि ती मनापासून मदत करू इच्छितात. येथे सावध राहावे. ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतले आहे त्यांची देणगी ही परकीय देणगी ठरते, मग ती त्यांनी येथील खात्यातून रुपयांत का दिलेली असेना. त्यासाठीची गृहमंत्रालयाची नोंदणी किंवा परवानगी नसेल तर अशी देणगी नम्रपणे नाकारावी. भारतीय पारपत्र असलेल्या नातेवाइकाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेल्या रकमेला ही अडचण येत नाही.

पुराच्या दिवसांत

विश्वामित्रीच्या काठावरील वस्तीत काम करणाऱ्या क्लबने पावसाळ्याची तयारी मे महिन्यातच करावी. ३१ जुलै २०१९ रोजी शहरात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये नदी २५ फुटांच्या धोक्याच्या पातळीपेक्षा कितीतरी वर चढली. अशा वेळी क्लबजवळ एक गोष्ट असते जी बाहेरून येणाऱ्या मदतगटांजवळ नसते : कोणत्या घरात किती लहान मुले आहेत, कोणाची आजी अंथरुणाला खिळलेली आहे, याची अद्ययावत यादी. ती कागदावर छापून दोन वेगवेगळ्या घरी वरच्या मजल्यावर ठेवावी. पाण्यात उतरून माणसे काढणे हे स्वयंसेवकांचे काम नव्हे. नदीत मगरी आहेत आणि ते काम बचावपथकांचे आहे. क्लबने आपली यादी प्रशासनाला द्यावी, पाणी ओसरल्यावर गमबूट आणि हातमोजे घालून घरे साफ करायला जावे, आणि पायाला जखम असलेल्यांना त्या चिखलात उतरू देऊ नये. वह्या-पुस्तके भिजलेल्या मुलांची नोंद याच वेळी घ्यावी, कारण शाळा सुरू झाल्यावर पुस्तके नसलेली मुले घरीच बसतात.

वर्षअखेर

वार्षिक अहवालात किती मुले आली यापेक्षा किती मुले वर्षभर टिकली, किती शाळेत परतली आणि किती मुली दुसऱ्या वर्षीही खेळत आहेत, हे लिहावे. क्लबच्या संघात कोणाची निवड झाली हे त्यात लिहूच नये; एखाद्या मुलाला खरोखर पुढे खेळायचे असेल तर त्याने इतर कोणाहीप्रमाणे क्लबच्या निवड चाचणीला जावे, आणि तेथे निवड झाली नाही तरी मंगळवारी त्याची जागा कायम असावी. अहवाल आणि जमाखर्च गुजरातीत छापून पालकांच्या सभेत वाचावा आणि प्रश्न विचारू द्यावेत.

दुसऱ्या वस्तीतून बोलावणे येईलच. तेथे जाण्यापूर्वी पहिल्या केंद्रातील मोठ्या मुलामुलींतून दोघे-चौघे सहायक तयार करावेत, आणि वयाची अट पूर्ण होताच अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्राथमिक प्रशिक्षक अभ्यासक्रमाचे त्यांचे शुल्क ट्रस्टने भरावे. नव्या केंद्राची किल्ली, हजेरीपट आणि चेंडूंची पिशवी त्यांच्या हाती द्यावी, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला मानधन त्यांच्या खात्यात जमा होईल याची तजवीज केंद्र उघडण्याआधीच करावी.