पिलर तासू नका, चूट उपसू नका: अंडरग्राउंड खाणीतल्या त्याच त्या चुका

मायनिंगचा डिप्लोमा करून आलेली पोरं खाणीत खाली उतरली की पहिला प्रश्न, सर, सपोर्ट कुठाय? अरे बाबांनो, रूम अँड पिलर (माल, म्हणजे खनिजाचा दगड, काढून रूम पाडायच्या आणि मधे छताला खांब, म्हणजे पिलर, सोडायचे) काय, श्रिंकेज (फोडलेल्या मालावरच उभं राहून वर वर खोदत जायचं) काय, सबलेव्हल ओपन स्टोप (माल फोडून मोठी उघडी पोकळी, म्हणजे स्टोप, करायची) काय, इथे सपोर्ट म्हणजे खडकच. खडक दमाचा असेल तरच या पद्धती घेतात.

सगळ्यात डोकं फिरवणारी चूक म्हणजे पिलर तासणं. टनेज, म्हणजे काढलेला माल, कमी पडला की कुणीतरी "अर्धाच मीटर घेऊ ना" म्हणतंच. जरा हिशोब करा. १०० मीटर खोलीवर उभा दाब साधारण २.७ मेगापास्कल, पिलर ५ बाय ५ आणि रूम ५ मीटर, म्हणजे पिलरवर त्याच्या चौपट, १०.८. चारी बाजूंनी अर्धा मीटर घेतला की पिलर ४, रूम ६ आणि दाब जवळजवळ १७. माल किती वाढला? आधी एकूण मालापैकी ७५ टक्के निघत होता, आता ८४. वर पिलर बारीक झाला म्हणून त्याची ताकदही घटली, आणि तो बसला की त्याचा भार शेजारच्यांवर. १९६० ला दक्षिण आफ्रिकेत कोलब्रुकला पिलर असेच एकामागून एक बसले, ४३७ माणसं गेली. खाण कोळशाची होती, पण हिशोब तोच. मी पिलरच्या कोपऱ्यांवर चुन्याने रेघ मारून ठेवतो, रेघ गायब दिसली की त्या शिफ्टच्या मेटला (मजुरांवरच्या मुकादमाला) आधी बोलावतो.

दुसरं, श्रिंकेजमध्ये चूट, म्हणजे खालून माल ओढायचं तोंड, उपसणं. फोडलेला माल फुगतो, म्हणून फुगलेला तेवढाच, साधारण एक तृतीयांश काढायचा, बाकीच्यावर उभं राहून वरचं ड्रिलिंग. एका खाणीत नाइट शिफ्टने टार्गेटसाठी एकाच चूटमधून माल ओढला. वरून सगळं सपाट, खाली माल अडकून पोकळी. सकाळी ड्रिलर उतरायच्या आधी म्हाताऱ्या मेटने हट्टाने पाणी मारायला लावलं, तर मालावर ठेवलेल्या फळ्या आणि जॅकहॅमर (हातातलं ड्रिल मशीन) डोळ्यांदेखत खाली. तेव्हापासून माझ्याकडे चूटवाला आणि स्टोपवाला किती गाड्या माल काढला ते एकाच पाटीवर लिहितात, आळीपाळीने सगळ्या चूट ओढतात, आणि ओढणं चालू असताना वर माणूस नाही.

ओपन स्टोपमध्ये माल उचलायला माणूस जात नाही, रिमोटचा लोडर जातो. सुरुंगाचं होल वाकडं गेलं तर हँगिंग वॉलचा, म्हणजे खनिजाच्या वरच्या बाजूचा, फुकट दगड मालात येतो, मग ग्रेड (मालातलं धातूचं प्रमाण) घसरला म्हणून लॅबला शिव्या देऊ नका.

छप्पर पहारीने वाजवून बघा, ढब आवाज आला की आधी ड्रेसिंग (सुटलेला दगड पाडणं), तेही पक्क्या छपराखाली उभं राहून. मोबाइलच्या टॉर्चने छप्पर "चेक" करणाऱ्यांना मी सरळ वर पाठवतो.