शहराची कला आणि शहराचे पाहुणे : या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी

शहरातील सर्जनशील उद्योग आणि तेथे येणाऱ्या पाहुण्यांचे अर्थकारण हा विषय अभ्यासाला घेणाऱ्या बहुतेकांना कलेची ओढ असते आणि आकड्यांचा कंटाळा असतो. मीही रंगभूमीच्या बाजूनेच या विषयाकडे आलो. काही वर्षे हे काम केल्यावर माझे ठाम मत झाले आहे की, ज्याला कलेविषयी आस्था आहे त्यानेच मोजणी नीट शिकली पाहिजे, कारण अनुदान, जागा आणि वेळ कोणाच्या वाट्याला यायचे, हे पुष्कळदा त्या मोजणीवरच ठरते.

आरंभ व्याख्यांपासून करावा. पर्यटनाच्या आकडेवारीत निदान एक रात्र मुक्काम करणारा तो पर्यटक, आणि त्याच दिवशी परतणारा दिवसापुरता पाहुणा. हा भेद पुस्तकी वाटतो; पण मुक्कामी पाहुण्याचा बराच खर्च शहरात होतो, तर दिवसापुरता येणारा गर्दीत तेवढीच भर घालून बहुधा त्याहून कमी खर्च करतो. व्हेनिसने २०२४ मध्ये ठरावीक दिवसांसाठी प्रवेशशुल्क सुरू केले, तेव्हा ते दिवसापुरत्या पाहुण्यांवर लावले आणि शहरात मुक्काम करणाऱ्यांना त्यातून सूट दिली.

‘सर्जनशील उद्योग’ ही संज्ञा अधिक निसरडी आहे. ब्रिटिश सरकारने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अशी १३ क्षेत्रे मानली होती आणि त्यांत हस्तकला, प्रकाशन, संगीत, प्रयोगकला यांच्याबरोबर सॉफ्टवेअरही होते. त्यामुळे कोणत्याही शहराचा एकत्रित आकडा हाती आला की त्यात काय काय मिळवले आहे ते आधी पाहावे. नाट्यगृहे बंद पडत असतानाही असा आकडा वाढलेला दिसू शकतो.

खरे कौशल्य लागते ते महोत्सवांच्या सर्वेक्षणात. विकलेली तिकिटे म्हणजे माणसे नव्हेत, कारण एकच रसिक अनेक प्रयोगांना बसतो आणि प्रश्नावली त्याच्याच हाती पडण्याची शक्यताही अधिक असते. म्हणून त्याने किती कार्यक्रम पाहिले हे विचारून उत्तरांना भार द्यावा लागतो, म्हणजे जास्त कार्यक्रम पाहणाऱ्याचे उत्तर त्या प्रमाणात कमी मोजावे लागते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, हा महोत्सव नसता तर तुम्ही या दिवसांत कोठे असता? नातेवाइकांकडे आलेला माणूस सहज एखाद्या मैफलीला डोकावला, तर त्याचा सगळा प्रवासखर्च महोत्सवाच्या नावावर मांडता येत नाही. स्थानिक प्रेक्षकाने एका नाट्यगृहाऐवजी दुसऱ्यात पैसे दिले, तर शहराच्या उत्पन्नात नवी भर पडत नाही. उलट, जो स्थानिक रहिवासी महोत्सवासाठी बाहेरगावचा बेत रद्द करून थांबला, त्याचा खर्च मात्र हिशेबात धरला पाहिजे. प्रश्नावली घेऊन उभे राहिल्याशिवाय या गोष्टी अंगवळणी पडत नाहीत, असा माझा अनुभव आहे. मिळालेले पहिले क्षेत्रकाम कमी दर्जाचे समजू नये.

यानंतर हिशेबाची दुसरी बाजू पाहावी. स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे १९४७ मध्ये पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला, तेव्हा आठ नाट्यसंस्था निमंत्रण नसताना तेथे आल्या आणि त्यांतून फ्रिंज, म्हणजे मुख्य महोत्सवाच्या कडेने भरणारा महोत्सव, उभा राहिला. आज या महोत्सवांच्या दिवसांत शहरात पाहुण्यांची इतकी गर्दी होते की राहण्याच्या जागांचे भाडे भडकते, आणि ज्यांच्यासाठी पाहुणे येतात त्या कलावंतांनाच मुक्काम परवडेनासा होतो. पाहुण्यांचा एकूण खर्च मांडणाऱ्या अहवालात ही झळ बहुधा दिसत नाही. म्हणून कलावंतांचे भाडे, प्रवास आणि मानधन यांची वेगळी नोंद ठेवावी, असा माझा आग्रह असतो.

नोकरी शोधताना तिकीट खिडकी, नगरपालिकेचा संस्कृती विभाग, संग्रहालयाचे प्रेक्षक-संशोधन यांपैकी कोठेही सुरुवात चालेल. मुलाखतीत संस्थेचा मागील अहवाल मागावा आणि त्यामागची प्रश्नावली पाहता येईल का, हेही विचारावे.