राउट्सच्या फाइल्स फोल्डरमधून आपोआप लोड करताना

आमच्या दूध संकलनाच्या सॉफ्टवेअरचा सर्व्हर नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) चालतो, वर एक्सप्रेस ही वेब फ्रेमवर्क. सुरुवातीला राउट्सच्या, म्हणजे कोणत्या वेब-पत्त्यावर कोणता कोड चालायचा ते सांगणाऱ्या, तीनच फाइल्स होत्या: सभासद, संकलन, बिल. मग पशुखाद्य, ॲडव्हान्स, फॅट-एसएनएफचं दरपत्रक, वाहतूक असं करत करत २३ झाल्या. म्हणजे ॲप.जेएस या मुख्य फाइलमध्ये २३ ओळी रिक्वायरच्या (फाइल आत घेणाऱ्या) आणि २३ ॲप.यूजच्या (ती पत्त्याला जोडणाऱ्या). नवी फाइल लिहायची, ओळ टाकायची राहायची, आणि ४०४, म्हणजे ‘पान सापडत नाही’, का येतोय म्हणून राउटर धुंडाळत बसायचं. असं दोनदा झाल्यावर मी लोडर, म्हणजे फोल्डरमधल्या फाइल्स आपोआप उचलणारा कोड, लिहिला. वीसेक ओळींचं काम आहे, त्यासाठी वेगळं पॅकेज घेऊ नका.

राउट्सचा फोल्डर एफएस या फाइल्स हाताळणाऱ्या मॉड्यूलच्या रीडडिरसिंकने वाचायचा. ‘सिंक’ बघून बिचकू नका. सर्व्हर सुरू होताना एकही रिक्वेस्ट आलेली नसते, क्षणभर थांबलं तरी कुणाचं अडत नाही. हाती येते नुसती नावांची यादी. त्यातली .जेएसने संपणारी नावं ठेवा, .टेस्ट.जेएसवाली गाळा. लोडर त्याच फोल्डरमध्ये इंडेक्स.जेएस म्हणून ठेवला असेल तर तोही गाळा. मी अंडरस्कोअरने सुरू होणाऱ्या फाइल्सही सोडून देते, अर्धवट काम त्यांत असतं. उरलेली नावं सॉर्ट करून एकेक फाइल पूर्ण पत्त्याने रिक्वायर करायची.

पूर्ण पत्त्यानेच, कारण इथे हमखास फसगत होते. रिक्वायरला दिलेलं ‘./राउट्स’ ती ओळ ज्या फाइलमध्ये आहे तिथून मोजलं जातं. एफएसला दिलेलं तेच ‘./राउट्स’ मात्र प्रोसेस जिथून सुरू झाली तिथून मोजलं जातं. लॅपटॉपवर आपण प्रोजेक्टच्या फोल्डरमधूनच एनपीएम स्टार्ट म्हणतो, त्यामुळे दोन्ही जागा एकच पडतात आणि चूक झाकली जाते. सर्व्हरवर सिस्टमडीची (लिनक्सवर प्रोग्रॅम आपोआप सुरू करणारी व्यवस्था) सर्व्हिस असेल आणि वर्किंग डिरेक्टरी लिहिलेली नसेल, तर ती थेट ‘/’ या मुळाच्या फोल्डरवर उभी असते. तिथे राउट्स नावाचं काही नसतं. एनोएंट, म्हणजे ‘अशी फाइल किंवा फोल्डर नाही’ हा एरर, येतो आणि प्रोसेस पडते. म्हणून पाथ.जॉइनमध्ये आधी डिरनेम, ते दोन अंडरस्कोअरवालं (कोडची फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचा पत्ता), आणि मग ‘राउट्स’; लोडर राउट्समध्येच असेल तर नुसतं डिरनेम. वाचतानाही तेच, रिक्वायर करतानाही तेच.

आता प्रत्येक फाइलने काय द्यायचं ते ठरवून टाका. आमच्याकडे दोन गोष्टी: ‘पाथ’, म्हणजे ‘/बिल’ वगैरे, आणि ‘राउटर’; लोडर ॲप.यूजने राउटर त्या पाथला जोडतो. दोन्हींपैकी एक जरी नसेल तर लोडर फाइलचं नाव घेऊन एरर फेकतो आणि सर्व्हर सुरूच होत नाही.

इतकं कडक आधी नव्हतं. एक फाइल बिघडली तरी बाकीच्या चालाव्यात म्हणून पहिल्या लोडरमध्ये मी रिक्वायरभोवती ट्राय-कॅच घातला होता. एकदा बिलाच्या फाइलमध्ये एक महिरपी कंस कमी पडला. लोडरने लॉगमध्ये एक ओळ टाकली, उरलेल्या २२ फाइल्स लोड केल्या आणि सर्व्हर सुरळीत सुरू झाला. लॉग कुणी उघडलाच नाही. दर दहा दिवसांनी उत्पादकांचं बिल निघतं. त्या सकाळी संस्थेच्या सचिवांचा फोन आला. ‘मॅडम, बिलाचं पान उघडत नाही, माणसं दारात उभी आहेत.’ ट्राय-कॅच मी त्याच दिवशी काढला. आदल्या रात्री डिप्लॉय करतानाच सर्व्हर अडला असता, तर कंस तिथेच सापडला असता आणि कुणाला पैशांसाठी ताटकळावं लागलं नसतं.

मिडलवेअर, म्हणजे राउट्सच्या आधी किंवा नंतर चालणारी फंक्शन्स, लोडरच्या हाती देऊ नका. लॉगिनची तपासणी सगळ्यांच्या आधी, चार पॅरामीटरचा एरर हँडलर सगळ्यांच्या शेवटी, आणि या ओळी हातानेच लिहायच्या. फाइलनावांना ०१, ०२ लावून क्रम साधता येतो, पण मला ते पटत नाही. नव्या माणसाने फाइलचं नाव बदललं की क्रम मोडतो. फाइलच्या आतही ‘/नवा’ हा राउट ‘/:आयडी’च्या वर हवा, नाहीतर एक्सप्रेस ‘नवा’ हाच आयडी धरतो.

प्रोजेक्ट ईएस मॉड्यूलवर (जावास्क्रिप्टची इम्पोर्टवाली नवी पद्धत) असेल तर रिक्वायरच्या जागी फंक्शनसारखा कंस देऊन वापरायचा इम्पोर्ट घ्या. तो प्रॉमिस देतो, म्हणजे निकाल नंतर येतो, म्हणून अवेट लावा आणि ॲप.लिसन त्यानंतरच. डीफॉल्ट एक्स्पोर्ट .डीफॉल्टखाली मिळतो. डिरनेम तिथे नसतं, नोड २०.११ पासून इम्पोर्ट.मेटा.डिरनेम आहे. विंडोजवर ‘सी:’ने सुरू होणारा पत्ता दिला तर इम्पोर्ट त्याला प्रोटोकॉल समजतो, म्हणून आधी पाथ-टू-फाइल-यूआरएल लावा.

आणखी एक, आणि हे मनावर घ्याच: या फोल्डरमध्ये पडलेली .जेएस फाइल सर्व्हरच्या अधिकाराने चालते. अपलोड तिथे कधीही ठेवू नका. प्रोसेस ज्या युजरखाली चालते त्याला या फोल्डरमध्ये लिहायची परवानगीही नको.

लोडरला प्रत्येक फाइलमागे एक ओळ छापायला लावा, नाव आणि पाथ, आणि खाली एकूण आकडा. डिप्लॉय झालं की मी आधी तो आकडा बघते. काल २४ होता: पशुवैद्यकांच्या भेटींची नवी फाइल आली होती, ॲप.जेएसला हातही न लावता.