गाडी कधी सुरू होते, कधी नाही? बिघाड हजर असतानाच मोजा

गाडी नीट सुरू होत असताना काहीच सापडत नाही, म्हणून मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) गाडीतच ठेवा. किल्ली फिरवल्यावर नुसता ‘टक्’ आवाज आला, की गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला लावा. त्या क्षणी बॅटरीच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज 9.6 व्होल्टच्या खाली गेलं, तर बॅटरी कमजोर किंवा स्टार्टर (सेल्फची मोटर) अडकलेला.

व्होल्टेज टिकलं, तर मीटरचा एक प्रोब (टोकदार वायर) बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर धरा. सेल्फ मारताना 0.5 व्होल्टहून जास्त दिसलं, की दोष अर्थिंगच्या केबलचा. वरून ठणठणीत दिसणारी केबल लगच्या (टोकाच्या धातूच्या कडीच्या) आत हिरवी पडलेली असू शकते. डोळ्यांवर विसंबू नका. पॉझिटिव्ह बाजूही बॅटरीपासून स्टार्टरच्या जाड बोल्टपर्यंत अशीच मोजा.

हेही ठीक असेल, तर सोलेनॉइडची (स्टार्टरला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचची) बारीक वायर बघा. तिथे पूर्ण व्होल्टेज येऊनही मोटर फिरत नसेल, तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट किंवा कार्बन ब्रश झिजलेत. व्होल्टेज येतच नसेल, तर रिले आणि इग्निशन स्विच तपासा.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, तेही तापल्यावरच? मग हे सगळं सोडा आणि क्रँक सेन्सरकडे (इंजिनचं फिरणं ओळखणाऱ्या सेन्सरकडे) वळा.